उजव्या बाजूचा आवाज

३ मार्च, सोमवार

ठरवलं. रिसीव्हर बदलायचा.

चौदा वर्षं झाली त्याला. टीव्हीचा, डीव्हीडीचा, रेडिओचा, सगळा आवाज आधी या काळ्या डब्यात येतो आणि मग तो पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांना वाटून देतो. गेली काही वर्षं ही वाटणी नीट होत नाहीये. उजव्या स्पीकरला कायम कमी. सेटिंगमध्ये जाऊन मी उजवीकडचा आवाज थोडा थोडा वाढवत आलो, तरी दोन-चार महिन्यांनी परत दबल्यासारखा वाटतो. पडद्यावरची माणसं काय बोलतात ते तर धड कळतच नाही. या यंत्रावर आवाजाचे आकडे उणे असतात, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा. पूर्वी उणे पस्तीसवर घर भरून जायचं. आज उणे अठरावर ठेवला तेव्हा कुठे समाधान झालं.

खरं कारण लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. आमची ही माझ्याजवळ बसत नाही.

संध्याकाळी सात ते नऊ आम्ही दोघं काही ना काही बघायचो. सोफ्यावर मी, आणि ही खिडकीशी, माझ्या उजव्या हाताला. मग हिने कानात कापूस घालायला सुरुवात केली. कान गार पडतात म्हणे, तेही भर उन्हाळ्यात. मग मधूनच उठून जायला लागली. आता तर सात वाजले की शिवण घेऊन आतल्या खोलीत दार लोटून बसते. विचारलं तर म्हणते, "तुमचं चालू द्या." भांडण नाही, तंटा नाही. बोलणंही फारसं नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा दहा दिवस लेकीकडे जाऊन राहिली, का ते आजतागायत सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

असल्या फाटक्या आवाजात कोण बसेल? यंत्र नवं आलं, आवाज पहिल्यासारखा झाला की ही परत शेजारी येऊन बसेल. माझं एवढंच मागणं आहे. एकाहत्तराव्या वर्षी सोफ्याचा अर्धा भाग रिकामा ठेवून सिनेमा बघायची मला हौस नाही.

५ मार्च, बुधवार

विकत घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते पाहिलं पाहिजे. सकाळी दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. दोष स्पीकरचा असता तर तो स्पीकरबरोबर डावीकडे गेला असता. गेला नाही. उजवी बाजू दबलेली ती दबलेलीच. मग ताराही बदलल्या. तेच. म्हणजे स्पीकर ठीक, तारा ठीक, उरला रिसीव्हर.

ही रीत चाळीस वर्षांच्या नोकरीतली आहे, चित्रपटगृहांचा आवाज जुळवून द्यायचं माझं काम. नवा सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी चित्रपटगृहात जायचं, दहाव्या रांगेत मधल्या खुर्चीत बसायचं आणि सगळे स्पीकर एकेक करून ऐकायचे. पुढे मोजायची यंत्रं आली, पोरं मीटर घेऊन फिरायला लागली. मी मीटर कधी हातात धरला नाही. ऑफिसात मला माझ्या नावाने कोणी हाक मारायचं नाही, कानसाहेब म्हणायचे. एकदा मी म्हटलं होतं, डावीकडच्या तिसऱ्या स्पीकरचा एक स्क्रू ढिला आहे. शिडी लावून वर चढून पाहिलं तर खरंच ढिला.

जेवताना हिला सगळी हकिगत सांगितली. समोर बसून ऐकत होती. म्हणाली, "मग घ्या नवा." तेवढंच. तरी बरं वाटलं.

८ मार्च, शनिवार

रिसीव्हर पाठीवर घेऊन रेडिओवाल्याकडे नेला. हा माझा जुना सोबती, चित्रपटगृहात मशीन सांभाळायचा, आता त्याच्या घराखालीच दुरुस्तीचं दुकान टाकलंय. झाकण उघडून त्याने तासभर तपासलं. दोन्ही बाजूंना मीटर लावला. काटा दोन्हीकडे एकाच जागी थांबला.

"सेटला काही झालेलं नाही," म्हणाला. "धूळ होती, ती काढली. अजून दहा वर्षं चालेल."

मी म्हटलं, "तुझा मीटर तुझ्याएवढाच म्हातारा."

तो हसला नाही. स्क्रू परत लावत खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. त्याला ही खोड आहे, तोंडातल्या तोंडात बोलतो. परत विचारलं तर म्हणाला, "काही नाही. एकदा डॉक्टरला दाखवून घे, सहज." बहुतेक माझ्या गुडघ्याबद्दल म्हणत असावा. डबा घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढताना मी धापा टाकत होतो.

तपासायचे पैसे त्याने घेतले नाहीत.

९ मार्च, रविवार

लेक आली होती. मी तिला दाखवायला म्हणून गाणं लावलं तर दचकून उभीच राहिली आणि रिमोट माझ्या हातून घेऊन आवाज उणे चाळीसवर नेला. "बाबा, शेजारचे तक्रार करतील."

उणे चाळीसवर मला नुसती कुजबूज. तिला समजावलं की यंत्र बिघडलेलं असल्यामुळे आवाज मोठा करावा लागतो, तो मोठा केला की फाटतो, म्हणून तिला त्रास झाला. तिने आईकडे पाहिलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं.

नंतर स्वयंपाकघरात दोघी बराच वेळ होत्या. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा लेक म्हणत होती, "अगं पण तू त्यांना स्पष्ट सांग ना." ही म्हणाली, "सांगून झालंय सगळं. आता पुरे." मला पाहून गप्प झाल्या. मला काय सांगून झालंय? गेल्या वर्षभरात हिने मला भाजी काय आणायची यापलीकडे काही सांगितल्याचं आठवत नाही.

मनाला लागलं. पण मायलेकींच्या मध्ये पडू नये. पाणी पिऊन बाहेर आलो.

१५ मार्च, शनिवार

आज दुकानात. दुकान एक बाई चालवतात, चाळिशीच्या असतील, वडिलांच्या मागे त्यांनी धंदा सांभाळला आणि वाढवला. मागे ऐकायची वेगळी खोली केली आहे, भिंतींना कापडी गाद्या, मधोमध एक खुर्ची. तीन रिसीव्हर मांडले होते.

पहिला: नव्वद वॅट, दिसायला देखणा. उजवीकडे दबलेला.

दुसरा: पहिल्याहून महाग. उजवीकडे दबलेला.

तिसरा: बाईंच्या मते सगळ्यात चांगला. उजवीकडे दबलेला.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आजकाल सगळा माल एकाच साच्यातून निघतो. नाचता येईना, अंगण वाकडं, मग डब्यावर मोठमोठे आकडे छापायचे. बाई रागावल्या नाहीत. क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, जरा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसता का?"

बसलो. आता मघाचा डावा स्पीकर माझ्या उजव्या हाताला आला. आणि गंमत म्हणजे आता तो दबलेला.

"बघा," मी म्हटलं, "तुमच्या खोलीतच गोंधळ आहे. मागची भिंत आवाज उलटा फेकतेय. इथे बसून काहीच ठरवता येणार नाही."

बाई माझ्या समोर येऊन बसल्या. चहा मागवला. घरी कोण कोण असतं, सिनेमा कोणाबरोबर बघता, असल्या चौकशा केल्या. मी सांगितलं, पूर्वी दोघं बघायचो. मग म्हणाल्या, "काका, असं करू. तिसरा सेट मी पुढच्या शनिवारी तुमच्या घरी घेऊन येते, पैसे देऊ नका. तुमच्या खोलीत, तुमच्या स्पीकरवर ऐका. काकूंनाही ऐकू द्या."

धंदा करावा तर असा. या तिसऱ्यात एक भलतंच खेळणं आहे. स्पीकरही चालू राहतात आणि त्याच वेळी एकाला हेडफोनवर वेगळा, हवा तेवढा मोठा आवाज ऐकता येतो. मी म्हटलं, याचे पैसे कमी करा. एका सोफ्यावर बसून दोघांनी दोन आवाज ऐकायचे तर लग्न कशाला करायचं?

१८ मार्च, मंगळवार

दुपारी हिच्याजवळ माहितीपत्रकं घेऊन बसलो आणि तिन्हींचे गुण वाचून दाखवले. ती उसवलेल्या उशीला टाके घालत होती. शेवटी विचारलं, "कुठला घेऊ, तूच सांग."

"मला काय विचारता? तुमचं यंत्र, तुमचे कान."

"आपल्या दोघांसाठी घेतोय."

तिची सुई थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "दोघांसाठी?" मी म्हटलं, हो, नाहीतर मला एकट्याला रेडिओ पुरतो. तिने परत शिवायला घेतलं. मी मासिक उघडून वाचत बसलो. थोड्या वेळाने मान वर केली तर ती माझ्या उजव्या बाजूच्या खुर्चीतून उठून गेली होती, उशी तशीच टाकून. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

२२ मार्च, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण चांगलं तेवढंच लिहायचं असेल तर वही हवी कशाला.

बाई अकराला आल्या. जुना सेट बाजूला काढून नवा जोडला. नव्याबरोबर अंगठ्याएवढा मायक्रोफोन येतो. तो माझ्या बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर, तीन पायांच्या स्टँडवर ठेवला. यंत्र एकेका स्पीकरमधून फुरफुर आवाज सोडतं, मायक्रोफोन तो ऐकतो आणि कोणाला किती द्यायचं ते यंत्र आपलं आपण ठरवतं. मी म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली, असं आहे हे. बाई हसल्या.

पडद्यावर आकडे आले. डावा अधिक एक. उजवा अधिक एक. दोन्ही सारखे.

गाणं लावलं. उजवीकडे जवळजवळ काहीच नाही. मी म्हटलं, मायक्रोफोन खराब आहे. बाईंनी दुसरा काढला. तेच आकडे. तिसऱ्यांदा माझ्या समाधानासाठी खिडक्या बंद करून मोजलं. तेच.

मग त्यांनी माझा जुना सेट परत जोडला, माझ्याच सेटिंगसकट, आणि मोजलं. "काका, तुमच्या जुन्या सेटवर उजवी बाजू डावीपेक्षा नऊ डेसिबल जास्त आहे. नऊ म्हणजे फार. त्या बाजूला कोणी बसलं तर डोकं उठेल."

दारातून ही म्हणाली, "मी बसायचे त्या बाजूला."

मी दोघींना म्हटलं, मला फसवताय. असं मी घरी आलेल्या पाहुण्या बाईला म्हणालो. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, डाव्या कानावर तळहात घट्ट दाबून धरा. बाकी काही करू नका."

सिद्ध करून दाखवायचं म्हणून मी हात दाबला. पडद्यावर गायिका गात होती, तिचे ओठ हलत होते. आमची ही दारात काहीतरी बोलत होती, तिचेही हलत होते. हात काढला तेव्हा आवाज परत आला, डावीकडून.

सेट राहू द्या म्हणून बाई निघून गेल्या. मी त्यांना दारापर्यंत पोचवायलाही उठलो नाही.

२७ मार्च, गुरुवार

पाच दिवस टीव्ही बंद. फोन मी डाव्या कानाला धरतो. उजव्या हातात पेन असतं, निरोप लिहून घ्यायला सोपं जातं, म्हणून. निदान मी स्वतःला तसंच सांगत आलो. जुना सेट कोपऱ्यात पडलाय. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवायला निघालो होतो.

स्पीकर तपासला, तारा तपासल्या, यंत्र उघडून पाहिलं. कान तपासायचं डोक्यातच आलं नाही. जन्मभर ज्या पट्टीने मोजलं ती पट्टीच आखूड निघाली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत किती चित्रपटगृहांत मी उजवी बाजू वाढवून ठेवली असेल, देव जाणे. कोणी बोललं नाही. कानसाहेबांना कोण सांगणार?

मला लाज वाटते. हिच्यासमोर जेवायला बसायचीसुद्धा लाज वाटते. ती दोनदा काही बोलायला आली, मी मासिक तोंडासमोर धरलं.

२ एप्रिल, बुधवार

लेकीने वेळ घेतली होती, तिघं गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी मी पटापट दाबत होतो. उजव्याच्या वेळी बटण हातात धरून बसून राहिलो. काचेपलीकडे डॉक्टर खुणा करत होते, म्हणजे आवाज येत असणार.

कागदावर दोन रेघा काढून दिल्या. डावी थोडी उतरलेली, वयाप्रमाणे. उजवी पार तळाला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गेलाय, म्हणून कळलं नाही. मशीन बसवलं तर थोडा उपयोग होईल. गेलेला परत येणार नाही.

मग हिने विचारलं, "म्हणजे उजव्या बाजूने बोललेलं यांना ऐकूच जात नव्हतं?"

"अगदी शांत खोलीत, जवळून, थोडंफार. समोर असलात तर ओठांवरूनही माणूस बरंच समजून घेतो. पण चालता-फिरता, टीव्ही चालू असताना, उजवीकडून बोललेलं नाही."

"किती वर्षं?"

"सात-आठ तरी असतील."

ही उठली आणि बाहेर गेली. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावर पदर तोंडाला लावून रडत होती. लेकीने तिला जवळ घेतलं. मी उभा राहिलो. कान माझा गेलाय आणि रडतेय ही, याचा अर्थ लागेना. 

६ एप्रिल, रविवार

आज बोलली. जसं बोलली तसं लिहून ठेवतो, विसरायची सोय राहू नये म्हणून.

चहा झाल्यावर खुर्ची ओढून माझ्या समोर बसली. म्हणाली, "मला एक सांगा. इतकी वर्षं मी सोफ्यावर बसून बोलायचे, ते तुम्हाला कळायचं?"

"तू बोलायचीस?"

"रोज. हा नट म्हातारा दिसायला लागला. उद्या पाहुणे येणारेत. आज पाय दुखतायत. तुम्ही समोर बघत बसायचात. काही वेळा आवाज वाढवायचात. मला वाटायचं, माझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून वाढवता."

मी माझी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"जेवताना समोरून विचारलं की नीट उत्तर द्यायचात. म्हणजे कान चांगले होते, असंच धरून चालले मी. तुमच्या कानांवर कोण शंका घेणार? मग वाटलं, माणसाचं मन उडालं. चाळीस वर्षांनी उडतं काहींचं. तुम्ही वाईट वागत नव्हतात, म्हणून भांडायलाही काही नव्हतं. शेवटी बोलणंच सोडलं."

"डोकं दुखतं, आवाज सहन होत नाही, एवढं तरी सांगायचंस."

"सांगितलं. दहादा. उजव्या बाजूने."

मग खाली बघत म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी मला छातीत गाठ लागली होती."

मला पहिल्यांदा वाटलं, आता नीट ऐकू आलं नाही. पण ती समोर होती आणि तिचे ओठ मला दिसत होते.

"संध्याकाळी फिरायला गेलो होतो. तुम्ही रस्त्याच्या बाजूला, मी आत, नेहमीसारखी. घरात तोंडासमोर बसून सांगायचा धीर झाला नसता, म्हणून चालता चालता सांगितलं. गाठ लागलीय, उद्या तपासायला बोलावलंय, मला फार भीती वाटतेय. सगळं सांगितलं. तुम्ही चालत राहिलात. कोपऱ्यावर आल्यावर म्हणालात, नगरपालिकेने दिवा बदललेला दिसतोय."

दिवा मला आठवतो. पिवळ्याचा पांढरा केला होता.

"त्याच रात्री लेकीला फोन केला आणि सकाळी तिच्याकडे गेले. तिथल्या दवाखान्यात गाठ कापून काढली, तपासली. वाईट नव्हती. दहा दिवसांनी परत आले तेव्हा तुम्ही विचारलं, प्रवास कसा झाला. लेकीला मी शपथ घातली होती, बाबांना सगळं माहीत आहे, तू विषय काढू नकोस म्हणून."

मी रडलो. बायकोसमोर याआधी एकदाच रडलो होतो, आई गेली तेव्हा. ती माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली, पण तीही रडत होती, आणि मला दिसत होतं की यातलं सगळंच काही माझ्यासाठी नाही. तीन वर्षं या घरात ती असा नवरा समजून राहिली ज्याला गाठीपेक्षा दिवा महत्त्वाचा. मला कळलंच नाही असं म्हटलं की मी सुटतो. तिची तीन वर्षं कशी सुटणार?

"मला एकदा दंडाला धरून फिरवायचंस," मी म्हटलं.

"तुम्हीही विचारायचंत," ती म्हणाली, "कुठे गेली होतीस म्हणून."

ते खरं आहे. त्याला कान लागत नाही.

९ एप्रिल, बुधवार

दुकानवाल्या बाईंना फोन केला, आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काका, माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. म्हणून खुर्ची फिरवायला सांगितली." तिसराच सेट ठेवतोय म्हणून कळवलं. त्यांना वाटलं वॅट जास्त म्हणून. मी सांगितलं, ते हेडफोनचं खेळणं आहे म्हणून.

वॅट मी पाहिलेच नाहीत. संध्याकाळी हिला सोफ्यावर बसवलं, रिमोट तिच्या हातात दिला आणि म्हटलं, तुला बरं वाटेल तिथे थांबव. उणे बेचाळीसवर थांबली. तो आता घराचा आवाज. मला लागेल तो जास्तीचा मी माझ्या कानात घेईन. स्पीकर मायक्रोफोनने ठरवले तसेच, दोन्ही सारखे, मी हात लावलेला नाही. खरं सांगायचं तर मला अजून ते वाकडंच ऐकू येतं.

जुना सेट लेकीला द्यायचा. त्यात काही बिघाड नाही, रेडिओवाला म्हणाला तसा. त्यालाही जाऊन भेटलं पाहिजे.

ती तासभर बसली. कापूस नव्हता. सोफ्यावर आम्ही जागा बदलल्या, आता खिडकीशी मी आणि ती माझ्या डाव्या हाताला. फार बोललो नाही. सात-आठ वर्षांचा गप्प बसायचा सराव एका संध्याकाळीत जात नाही. जाहिराती लागल्या तेव्हा ती म्हणाली, पाय दुखतायत. मी ऐकलं. उठून स्टूल आणून दिलं.

१३ एप्रिल, रविवार

ऊन उतरल्यावर फिरायला गेलो. फाटकाबाहेर येताच ती सवयीने उजवीकडे आली. मी थांबलो आणि तिला डाव्या हाताला घेतलं. वाहनांच्या बाजूला ती आली म्हणून तिला अवघडल्यासारखं झालं, मग आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालायला लागलो. तिथे ती आतही राहते आणि डावीकडेही. इतकं सोपं होतं.

बरंच चालल्यावर मी म्हटलं, "ते परत सांग."

"काय?"

"त्या दिवशीचं. फिरताना सांगितलेलं."

"आता काय त्याचं? झालं, गेलं. गाठही गेली."

"मी ऐकलेलं नाही."

 मला वाटलं, विषय बदलेल. मग तिने सांगायला सुरुवात केली. गेल्या रविवारी सांगितलं तसं नाही. अगदी पहिल्यापासून. आंघोळ करताना हाताला कसं लागलं, दोन दिवस ते नाहीच असं कसं समजून राहिली, मग एकटीच डॉक्टरकडे कशी गेली, तिथे फॉर्मवर सोबत कोण या रकान्यात काय लिहावं ते कसं कळेना. घरी येऊन माझे शर्ट इस्त्री केले म्हणाली, सगळे, कारण आपण नसलो तर निदान आठवडाभर पुरतील. बोलताना ती समोर बघत होती, माझ्याकडे नाही. मध्येच एक गाडी गेली तेव्हा मी तिला थांबवून तेवढं वाक्य परत म्हणायला लावलं. तिने म्हटलं.

शेवटी म्हणाली, "उद्या तपासायला बोलावलंय. मला फार भीती वाटतेय."

 मी तिचा हात धरला. म्हटलं, "मी येतो तुझ्याबरोबर. किती वाजता निघायचं?"

ती दहा-बारा पावलं तशीच चालली. मग म्हणाली, "सकाळी नऊला."